उलटून पाहताना

फोडणीचं तेल तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हिंगाच्या डबीवरचा सगळा मजकूर वाचून होतो. माझं बरंचसं वाचन हल्ली अशाच फटींतून चालतं. कुकरच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये बिस्किटाचा पुडा, दूध वर येईपर्यंत चहाचं पाकीट, कणीक मुरते आहे तोवर साबणाचं वेष्टन. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. चष्मा शोधेपर्यंत मोहरी करपते, म्हणून मी मोबाइलनं फोटो काढते आणि दोन बोटांनी मोठा करून वाचते. "आई, तुझ्या फोनमध्ये आमच्यापेक्षा मसाल्यांचेच फोटो जास्त आहेत," असं मुलगी म्हणते. खरंच आहे ते. पण मुलीच्या चेहऱ्यावर घटकपदार्थ छापलेले नसतात.

तर हिंगाची डबी. माझ्या डबीवर घटकांची यादी अशी आहे: आधी डिंक, मग गव्हाचं पीठ आणि मग हिंग. ही यादी मनाला येईल तशी छापता येत नाही. जो पदार्थ वजनानं सर्वांत जास्त तो पहिला, त्याहून कमी तो दुसरा, असा उतरता क्रम कायद्यानं ठरवून दिलेला आहे. म्हणजे ज्याच्या नावानं मी डबी विकत आणली, तोच डबीत सगळ्यात कमी! पहिल्यांदा वाचल्यावर किराणावाल्या काकांशी भांडायचं ठरवून टाकलं होतं. पण थोडं खोलात गेल्यावर कळलं की यात लबाडी कुणाचीच नाही. हिंग म्हणजे एका रानटी झुडपाच्या मुळातून निघणारा चीक. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथल्या कोरड्या, थंड डोंगराळ भागात ते झुडूप वाढतं. मुळाला चिरा देऊन हा चीक गोळा करतात. तो इतका उग्र असतो की निव्वळ चिकाची चिमूट आमटीत पडली, तर ती आमटी माणसानं खाण्याजोगी राहणार नाही. म्हणून त्याला डिंकात आणि पिठात बांधून सौम्य करतात. व्यापारी त्याला बांधानी हिंग म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या हाथरसला हे बांधायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, आणि 2023 मध्ये तिथल्या हिंगाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आजीकडे खडा हिंग असे. डबीत डबी, तिच्यावर फडक्याची पुरचुंडी, आणि तरीही फडताळ उघडलं की पहिली ओळख त्याचीच व्हायची. ती खड्याचा तुकडा पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी आमटीत चमच्यानं मोजून टाकायची. मला तेव्हा तो कंजूषपणा वाटायचा. आता वाटतं, तिला डोस माहीत होता. शेजारच्या घरात एका मुलाला गहू अजिबात चालत नाही. त्यांच्याकडे भाकरी, भात, तांदळाची धिरडी, सगळं काटेकोर, आणि वरणाला मात्र आमच्यासारखीच बाजारातल्या हिंगाची फोडणी. त्याच्या आईला मी डबी उलटी करून दाखवली. त्या बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिल्या. आता त्यांच्याकडे तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग येतो; तोही मिळतो, मागितला तर.

आणखी एक गंमत. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा हिंग आपण जास्त खातो, आणि पिकवत मात्र नव्हतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, क्वारिंग नावाच्या गावी, पालमपूरच्या शासकीय संशोधन संस्थेनं हिंगाचं पहिलं रोप लावलं ते ऑक्टोबर 2020 मध्ये. तोवर आपल्या साध्या वरणाची फोडणी कायम परदेशी होती.

पाकिटाची पुढची बाजू ही विकणाऱ्याची. तिच्यावर हिरवं शेत, उगवता सूर्य, डोक्यावर पदर घेतलेली हसरी आजी, पितळी कळशी आणि वाफाळती वाटी. मागच्या बाजूला कुणी हिंग लावून विचारत नाही. पण ती कायद्याच्या धाकानं लिहिलेली असते, म्हणून खरं बोलते. उन्हाळ्यात जेवणानंतर आइस्क्रीमचा मोठा डबा फुटतो. पुढून पाहिलं तर साय ओसंडते आहे, मागून पाहिलं तर बारीक अक्षरांत 'फ्रोझन डेझर्ट'. नुसतं 'आइस्क्रीम' म्हणवून घ्यायचं तर त्यात निदान 10 टक्के दुधाची चरबी असावी लागते. दुधाच्या जागी वनस्पती तेलाची चरबी वापरली की त्या नावाचा हक्क जातो. चवीला ते वाईट लागतं असं नाही, मुलं चाटूनपुसून खातात. पण दुधाचे पैसे देऊन तेल खातो आहोत का, एवढं माहीत असायला काय हरकत आहे? साबणाचंही तेच. ज्याला आपण अंगाचा साबण म्हणतो, त्यातल्या पुष्कळ वड्या वेष्टनावर स्वतःला 'बेदिंग बार' म्हणवतात, कारण 'टॉयलेट सोप'च्या पहिल्या प्रतीसाठी 76 टक्के टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थ, लागतं आणि ते त्यांच्यात नसतं.

अलीकडे किमतीच्या शेजारी आणखी एक चिमुकली ओळ येऊ लागली आहे, दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला किती रुपये पडतात त्याची. मोठं पाकीट घेतलं की स्वस्त पडतं, हा आपल्या घराघरांतला सिद्धांत. ती ओळ वाचून दोन आकार शेजारी धरले की तो बऱ्याचदा टिकतो आणि अधूनमधून चक्क पडतो. मग मोठा पुडा मुकाट्यानं फळीवर परत ठेवायचा.

पण सगळ्या पाकिटावर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एक त्रिकोण. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मांसाहारी पदार्थावर तसाच तपकिरी ठिपका असायचा. आता तिथे तपकिरी त्रिकोण आहे. का? तर काही माणसांना हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे दिसतच नाहीत, त्यांच्या डोळ्यांना दोन्ही ठिपके सारखेच. 2020 च्या नियमांत आकारच बदलून टाकला. सरकारी नियमावली वाचताना माया वाटावी असे प्रसंग थोडे. हा त्यातला एक. कुठल्या तरी दिल्लीच्या कचेरीत, टेबलावर फायलींचा ढीग असताना, कुणाच्या तरी मनात आलं असेल की ज्याला रंग दिसत नाही त्यानं काय करायचं.

खोक्याच्या झाकणाची जी पट्टी आत दुमडलेली असते, तिच्यावर रंगीत टिकल्यांची एक ओळ असते. निळी, गुलाबी, पिवळी, काळी, कधी शेवटी एखादी जास्तीची. माझे एक काका नारायण पेठेतल्या एका छापखान्यात होते. लहानपणी त्यांना विचारलं, तर ते खिशातलं भिंग काढून म्हणाले, "खोक्यावरच्या पोरीचे गाल बघ." गाल नव्हतेच तिथे. नुसते ठिपके होते, गुलाबी आणि पिवळे, एकमेकांच्या अंगाला अंग लावून. केशरी रंग सगळ्या खोक्यावर कुठेही नव्हता. तो आमच्या डोळ्यांत तयार होत होता. दुमडलेल्या पट्टीवरची प्रत्येक टिकली म्हणजे छापताना वापरलेली एकेक शाई. छापणाऱ्याला ती शाई नीट उतरते आहे का, हे तिथे कळतं. चारांतला एक रंग केसभर जरी हलला तरी पोरीचे ओठ तिच्या हनुवटीवर येतात. "रंग सरकला," असं काका म्हणायचे आणि तो ताव बाजूला काढायचे. मला तेच ताव हवे असायचे. त्यांच्यात प्रत्येक माणसाला एक गुलाबी सावली असे.

टूथपेस्टच्या नळीच्या शेपटीला जो रंगीत चौकोन असतो, त्यावरून पेस्ट नैसर्गिक की रासायनिक ते ओळखा, असा एक निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. मलाही तो निदान तीन मावश्यांनी पाठवला. तो चौकोन माणसांसाठी नाहीच. नळ्या भरणाऱ्या यंत्राचा डोळा तो बघतो आणि नळी कुठे कापायची, कुठे चिकटवायची ते ठरवतो. नळीवर उठून दिसेल असा कुठलाही रंग त्याला चालतो. मावश्यांना सांगून पाहिलं. त्यांनी निरोप पुढे पाठवणं थांबवलेलं नाही.

एकेका रंगाची शाई वेगळी करायची काकांच्या छापखान्यातली ही विद्या आपल्याकडे घराघरांत पोचवली ती देवांनी. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईला गिरगावात शिळाछापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही काही तिकडचे. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी एकेक दगड असे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, तेही उलटं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटेल. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर सगळा कारभार. एक लक्ष्मी छापायची तर कागद पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या दगडांखालून जायचा आणि दर वेळी तो तिळभरही हलू न देता बसवावा लागायचा. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी छपाईचं काम करत होते. पुढे ज्यानं चित्रं हलवली, तो आधी चित्रं हलू न देण्याच्या धंद्यात होता.

आमच्या घरच्या देव्हाऱ्याच्या वर अशीच एक जुनी लक्ष्मी आहे. तिच्या साडीला खरी जर आहे आणि दागिन्यांच्या जागी टिकल्या. छापील तसबिरी विकत आणून त्यांच्यावर जर, टिकल्या, मणी शिवायची त्या काळी पद्धत होती. काच तडकली म्हणून फ्रेमवाल्याकडे नेली, तेव्हा त्यानं मागचा पुठ्ठा सोडवला आणि मला लक्ष्मीची पाठ दिसली. पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते, वेडेवाकडे. खांद्यापाशी घट्ट आणि नेटके, पायाकडे येताना सैल होत गेलेले. एका ठिकाणी दोरा संपला म्हणून निळा घेतलेला. तीन-चार जाड गाठी. पुढून ही बाई पैठणी नेसून कमळात उभी आहे, आणि मागून कुणीतरी बाई संध्याकाळच्या उजेडात घाईघाईनं टाके घालते आहे. आजीची सासू की सासूची नणंद, आता सांगायला कुणी नाही. फ्रेमवाला म्हणाला, "ताई, हे काढून नवीन गुळगुळीत प्रिंट लावून देऊ का? मागं लई खराब झालंय." मी तसबीर त्याच्या हातातून घेतली आणि तो टाके मोडणार नाही, याची खात्री होईपर्यंत दुकानातच बसले.

मागची बाजू बघायची सवय मला लावली ती येवल्यातल्या एका विणकरानं. दुकानात नाही, त्याच्या घरी, मागावर. पदर गुंडाळलेल्या फळीशी बसून त्यानं पैठणीचा कोपरा उलटा केला आणि म्हणाला, "पुढून सगळ्याच सारख्या दिसत्यात. इकडून बघा, मग भाव विचारा." हातमागाच्या खऱ्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही मोरच दिसतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, आणि तो रंग जिथे संपतो तिथेच शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. हिरवा धागा हिरव्याच्या हद्दीबाहेर जात नाही. म्हणून मागे लोंबणारं काही उरत नाही. यंत्रमागावर धागे या काठापासून त्या काठापर्यंत धावतात, पुढे हवे तेवढे दिसतात, उरलेले मागे मोकळे लटकतात किंवा कातरलेले असतात. बोट फिरवलं की खरखर लागते. त्याच्या मागावर एका बांगडीमोराची मान त्या दुपारी विणून होत होती. मी तासभर बसले असेन, मान वळली नव्हती.

हे कळलं की माणूस लगेच शहाणा होतो आणि मागे धागे दिसले की "नकली" म्हणून मोकळा होतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूला मागे धागे असतातच. सुती ताण्यावर रेशमी जादा बाणा घालून ते कापड विणतात, तो बाणा मागच्या बाजूनं तरंगत जातो, आणि त्या थरामुळेच हिमरूची शाल अंगाला मऊ आणि ऊबदार लागते. तिथे मोकळा धागा हा दोष नाही, ती त्या कापडाची रीत आहे. उलटून बघायचं ते खरं-खोटं ठरवायलाच असं नाही. काम कसं केलंय ते समजून घ्यायला.

भांड्यांनाही मी सोडत नाही. जुन्या पितळी पातेल्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसलेला असे. एका हातात बारीक पोलादी खिळा, दुसऱ्या हातात हातोडी, आणि टिक-टिक-टिक करत पुठ्ठ्यावर लिहून दिलेलं नाव तो पितळेवर उतरवायचा. 'ळ' आणि 'क्ष' यांच्याशी त्याची झटापट चालायची, ती अजून दिसते. आमच्या एका गंजावर 'सप्रम भेट' आहे. मात्रा राहिली ती राहिलीच, आता साठ वर्षं त्या गंजात कढी होते. पण ही कोरीव अक्षरं म्हणजे घराण्याची वंशावळ आहे. कुणाची मुंज, कुणाचं केळवण, कोणत्या मामानं काय दिलं, कोणत्या साली. लग्नाच्या पंगतीला गावभरची भांडी एकत्र व्हायची आणि दुसऱ्या दिवशी नावं वाचत घरोघर परत जायची. आज स्टीलच्या भांड्यावर यंत्राची सुई भुर्रकन नाव लिहून जाते, आणि प्लॅस्टिकच्या डब्यावर तर फक्त पुनर्वापराचा त्रिकोण. तो डबा एकदा शेजारी गेला की गेलाच.

पुण्याला कसब्यात तांबट आळीत तांब्याच्या हंड्यावर जे गोल गोल ठोके दिसतात, ते मला बरीच वर्षं शोभेचं काम वाटायचं. ते शोभतातही. पण त्याला मठारकाम म्हणतात आणि त्याचं पहिलं काम धातू कडक करणं हे आहे. तांबं मऊ, ठोकून ठोकून ते ताठ होतं, मग पाण्यानं भरलेला हंडा उचलला तरी चेपत नाही. नक्षी ही त्या मजबुतीची वरकमाई. हल्ली साच्यातूनच ठोके उठवलेले तांबे मिळतात. सगळे ठोके सारखे, एका ओळीत. माणसाच्या हातचे ठोके इतके आज्ञाधारक नसतात.

काही गोष्टींना उलटी बाजू नसते, त्यांना साबण लावावा लागतो. पांढऱ्या नॅपकिनवर आमटीचा पिवळा डाग पडला, साबण चोळला, आणि डाग भडक लाल. नव्या नवरीचा जीव घाबराघुबरा होण्याचा हा ठरलेला प्रसंग. हळदीला खार लागला की ती लाल होते आणि लिंबाचं आंबट लागलं की परत पिवळी. शाळेच्या प्रयोगशाळेत हेच हळदीच्या कागदावर करून दाखवतात आणि त्याला मार्क देतात. मोरीत झालं तर बोलणी बसतात. डाग जात नसेल तर आजी म्हणायची, "घासत बसू नकोस गं, ओलाच उन्हात टाक." संध्याकाळपर्यंत डाग फिका पडायचा, दोन-तीन उन्हांत नाहीसा. हळदीतला पिवळा रंग उजेडात टिकत नाही, हे कारण मला फार पुढे वाचायला मिळालं. आजीला कारणाशी कर्तव्य नव्हतं. तिला ऊन कोणत्या दोरीवर किती वाजता येतं ते माहीत होतं.

आणि हा लाल रंग आपल्या कपाळावरचा आहे. जुन्या रीतीचं कुंकू हळदीचंच. हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटं द्यायची, वाळवायचं, दळायचं. कुठे चुना वापरतात. पिवळं हळकुंड आतपर्यंत लाल होत जातं. पंढरपूरला देवळाच्या वाटेवर कुंकवाचे उंच शंकू रचलेले असतात, ते पाहताना त्यात सांगलीकडची हळद असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. हळद आणि कुंकू आपण करंड्यात दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पण जुन्या रीतीत दोघी एकाच कंदातून आलेल्या. आता बाजारात नुसता रंग घातलेलं कुंकू सर्रास मिळतं. कपाळ खाजलं तर पुडी उलटून बघावी.

उलटून वाचायची खरी मराठी सवय मात्र कॅलेंडरनं लावली. जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' 1973 मध्ये निघालं आणि भिंतीवरच्या कागदाला पाठ फुटली. पुढे तिथी, एकादशी, संकष्टीचा चंद्रोदय. मागे पाककृती, लेख, आणि मुंबईत लोकलच्या गाड्यांच्या वेळा. आमच्या घरी पुढच्या बाजूवर दुधाचे खाडे आणि गॅस कधी लावला त्याच्या तारखा असायच्या. मागची पाककृती कापावी तर दुधाचा हिशेब जातो, हिशेब ठेवावा तर पाककृती भिंतीला तोंड करून बसते. म्हणून आई सबंध वर्ष थांबायची आणि जानेवारीत जुनं कॅलेंडर कात्री घेऊन मांडीवर घ्यायची. तिच्या वहीतल्या मुगाच्या ढोकळ्याच्या पाठीमागे अजून एका जुन्या मार्चमधली 'दूध नाही, दूध नाही, 1 जास्त' ही नोंद आहे.

आणि दिवाळीत 'आवाज'चा अंक. मधुकर पाटकरांनी त्याच्या खिडक्या प्रसिद्ध केल्या. कागदाला कापून ठेवलेली झरोक्यासारखी जागा. वरून बघावं तर काहीतरी चावट, आणि पान उलटलं की अगदी सोवळं चित्र. घरातली मोठी माणसं ती खिडकी उघडून परत लावताना जो चेहरा करायची, तो त्या अंकातल्या कुठल्याही व्यंगचित्रापेक्षा सरस असायचा. पान उलटण्यात मजा असते, हे मला शाळेनं नाही, त्या खिडक्यांनी शिकवलं.

परवा एका बसस्टँडवरच्या टपरीवर पाण्याची बाटली घेतली. छापील किंमत 20, मागितले 25.

"दादा, 20 लिहिलंय."

"ताई, पाच कूलिंगचे."

मी बाटली फिरवली आणि त्याला ती ओळ वाचून दाखवली. कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. ही ओळ फुकट आलेली नाही. 1990 च्या आसपासपर्यंत वस्तूवर किंमत असायची आणि पुढे 'स्थानिक कर वेगळे' अशी शेपटी असायची. त्या शेपटीत दुकानदार हवं ते बसवायचा. मग नियम बदलला आणि वस्तूवर आकडा आला तो शेवटचा. कमाल म्हणजे याहून जास्त नाही; कमी घ्यायला कुणाचीच बंदी नाही, एवढं आपण विसरतो. हॉटेलात टेबलाशी बसून तीच बाटली मागवली तर गोष्ट वेगळी, तिथे जागेचे आणि सेवेचे पैसे घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं आहे. टपरीला ते लागू नाही. फ्रिज चालवायचा खर्च त्या 20 रुपयांतच धरायचा.

दादांनी पाच रुपये परत दिले, पण चेहरा असा केला की जणू मी त्यांचं घर मागितलं. मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी मात्र आपापल्या बाटल्या फिरवून पाहिल्या. तुम्हीही फिरवून पाहा. छापलेलं आहे, तुमच्यासाठीच छापलेलं आहे, वाचून दाखवायला लाजू नका. आणि वाचून दाखवूनही ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.